कामाचा हिशेब आणि घराची नोटीस : पिंपरी-चिंचवड, फेब्रुवारी २०१७

१.
२१ फेब्रुवारी २०१७ रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेसाठी मतदान झाले आणि २३ तारखेला निकाल लागला. १२८ जागांपैकी भाजपला ७७, राष्ट्रवादी काँग्रेसला ३६, शिवसेनेला ९, मनसेला १ आणि अपक्षांना ५ जागा मिळाल्या. पाच वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, याच सभागृहात राष्ट्रवादीचे ८३ नगरसेवक होते आणि भाजपचे अवघे ३. पंधरा वर्षांची सत्ता एका दिवसात गेली. ज्यांच्याकडे दाखवण्याजोगे काम होते, त्यांची सत्ता गेली, हे या निकालाचे वैशिष्ट्य.

२.
निवडणुकीत आव्हान देणाऱ्याची बाजू मांडणे सोपे असते. ‘बदल’ हा शब्द पुरेसा होतो आणि त्यात ज्याला जे हवे ते तो भरून घेतो. सत्तेवर असलेल्याची बाजू मांडणे मात्र अवघड, कारण त्याला स्वप्न विकता येत नाही, हिशेब द्यावा लागतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तो हिशेब कसा दिला गेला, त्यात तथ्य किती होते आणि तरीही तो का नाकारला गेला, याचा हा धांडोळा.

३.
आधी शहराची घडण. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि अण्णासाहेब मगर तिचे पहिले अध्यक्ष झाले. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महापालिका झाली. पहिली महापालिका निवडणूक १९८६ मध्ये झाली.

४.
या शहराला पैशाची चणचण कधी फारशी जाणवली नाही. कारखान्यांत येणाऱ्या कच्च्या मालावर जकात होती आणि ती थेट महापालिकेच्या तिजोरीत पडे. ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरूद त्या जकातीच्या बळावर मिरवले जाई. शहराच्या पुढील राजकारणाची एक गुरुकिल्ली याच जकातीत आहे. तिचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

५.
२००२ पासून महापालिकेची सूत्रे राष्ट्रवादीकडे आणि पर्यायाने अजित पवार यांच्याकडे होती. स्थानिक वृत्तपत्रे त्यांना ‘शहराचे कारभारी’ म्हणत. २००१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या आसपास असलेली लोकसंख्या २०११ मध्ये सतरा लाखांवर गेली. दहा वर्षांत सात लाख माणसे वाढलेले शहर कोलमडले नाही, ही गोष्ट लहान नव्हे. नाशिक फाट्याचा दुमजली उड्डाणपूल, रुंद झालेले रस्ते, बीआरटीचे मार्ग, चिंचवडचे सायन्स पार्क, चिखलीची घरकुले ही सारी त्या काळातली कामे. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियानाचा निधी खेचून आणण्यात हे शहर मागे नव्हते.

६.
म्हणून २०१७ च्या प्रचारात सत्ताधाऱ्यांचा युक्तिवाद साधा होता : काम पाहा आणि मत द्या. हातच्या काकणाला आरसा कशाला? निगडीहून दापोडीपर्यंत सरळ जाणारा प्रशस्त रस्ता डोळ्यांसमोर होता. शेजारच्या पुण्यातले वाहनचालक पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांचा हेवा करीत. समोर उभे असलेले आव्हानवीर मागील सभागृहात तीन जागांवर होते. ज्यांनी शहर कधी चालवले नाही, त्यांच्या हाती ते का द्यावे, हा प्रश्न वाजवी होता.

७.
या युक्तिवादाचा दुसरा पदर अधिक टोकदार होता. बदल म्हणजे नेमका कोणाचा बदल? भाजपच्या शहरातील नेतृत्वाकडे पाहिले तर उत्तर गमतीचे मिळते. शहराध्यक्ष लक्ष्मण जगताप यांची राजकीय वाटचाल राष्ट्रवादीतूनच झाली होती. भोसरीचे आमदार महेश लांडगे राष्ट्रवादीचे नगरसेवक राहिलेले. माजी महापौर आझम पानसरे निवडणुकीच्या तोंडावर राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले. निकालानंतर भाजपचे पहिले महापौर झालेले नितीन काळजे हेही पूर्वाश्रमीचे राष्ट्रवादीचेच.

८.
तेव्हा ‘पळसाला पाने तीनच’ असे म्हणणाऱ्याला खोडून काढणे कठीण होते. मागील पंधरा वर्षांच्या कारभारात जे दोष होते, त्यांत सहभागी असलेली बरीच माणसे आता दोषांविरुद्ध उभी होती. भाजपच्या प्रचाराचा सूर भय आणि भ्रष्टाचार यांपासून मुक्तीचा होता. सत्ताधाऱ्यांचा प्रतिप्रश्न असा होता की, माणसे तीच असतील तर झेंडा बदलल्याने कारभार कसा बदलेल? तर्काच्या तराजूत हे पारडे जड भरते. तरीही मतपेटीत ते हलके ठरले.

९.
ते हलके का ठरले, याचे सर्वांत प्रचलित स्पष्टीकरण मतदाराला दोष देते. लोक कृतघ्न असतात. रस्ता झाला की तो कोणी केला हे विसरतात. गरज सरो, वैद्य मरो. पराभूतांच्या वर्तुळात हे स्पष्टीकरण आवडीने सांगितले जाते. त्यात अंशतः सत्य आहे. पूर्ण झालेले काम वापरात आले की दिसेनासे होते. नळाला पाणी येते तोवर नळाची आठवण कोणाला येत नाही. परंतु पिंपरी-चिंचवडचा निकाल एवढ्याने उलगडत नाही.

१०.
उलगडा करायचा तर रस्ता सोडून गल्लीत शिरावे लागते. थेरगाव, रहाटणी, काळेवाडी, वाल्हेकरवाडी, चिखली, भोसरी, दिघी. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून, साताऱ्याकडून आलेल्या कामगाराने येथे अर्धा गुंठा, एक गुंठा जमीन घेतली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. व्यवहार कुलमुखत्यारपत्रावर किंवा साठेखतावर. सातबाऱ्यावर नाव लागलेच तर सामाईक. पत्र्याच्या दोन खोल्या, मग स्लॅब, मग मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला. ‘घर पाहावे बांधून’ म्हणतात, ते या माणसाने हप्त्याहप्त्याने पाहिले.

११.
त्या घराची जमीन अशी का विकली गेली, हेही समजून घ्यावे लागते. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. कामगारांना स्वस्तात घरे देण्यासाठी शेतजमिनी संपादित करायच्या, हा हेतू. जमिनींवर आरक्षणे पडली. पण संपादन, मोबदला आणि घरबांधणी यांची गती कारखान्यांच्या गतीच्या पासंगालाही पुरली नाही. शेतकऱ्याला मोबदल्याचा भरवसा नव्हता, कामगाराला डोक्यावर छप्पर तातडीने हवे होते. दोघांनी मिळून गुंठ्यागुंठ्याने मार्ग काढला. तो कायद्यात बसणारा नव्हता.

१२.
पुढचा विरोधाभास महत्त्वाचा. या घरांना घरपट्टीची पावती मिळाली, नळजोड मिळाला, विजेचा मीटर मिळाला, दारापर्यंत डांबरी रस्ता आला आणि घरातल्या माणसांची नावे मतदारयादीत लागली. मिळाली नाही ती बांधकाम परवानगी. एका हाताने पालिका त्या घराला सोयी देत होती आणि दुसऱ्या हाताने त्याला अनधिकृत म्हणत होती. सत्ताधारी पक्षाने विकासाच्या हिशेबात दाखवलेले कित्येक रस्ते अशाच वस्त्यांतून गेलेले होते.

१३.
२००८ मध्ये कायद्यातील बदलाने अशा बांधकामांवर दंडात्मक कर लागू झाला. लोक त्याला ‘शास्ती’ म्हणतात. ४ जानेवारी २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामास मूळ घरपट्टीच्या दुप्पट शास्ती, आणि तीही दरवर्षी. घर नियमित होत नाही तोवर हा आकडा चढत राहणार. गुंठ्यावर घर बांधलेल्या कामगाराच्या दारात घरपट्टीचे जे बिल येई, त्यात थकबाकी आणि विलंब आकाराचे ओझे वर्षागणिक वाढत गेले. कायदा झाला तेव्हा राज्यातही राष्ट्रवादी-काँग्रेसचेच सरकार होते.

१४.
२०१२ मध्ये श्रीकर परदेशी महापालिकेचे आयुक्त झाले. अनधिकृत बांधकामांविरुद्ध न्यायालयाचे आदेश होते आणि त्यांनी कारवाई धडाक्याने सुरू केली. पालिकेच्या हिशेबात अशी बांधकामे साठ हजारांहून अधिक होती. काही इमारती पाडल्या गेल्या. वस्त्यांत धास्ती पसरली. फेब्रुवारी २०१४ मध्ये, तीन वर्षांची मुदत पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांची बदली झाली आणि त्या बदलीविरुद्धही शहरात निषेध झाला.

१५.
येथे सत्ताधारी पक्ष दोन्हीकडून कोंडीत सापडला. ज्याला नियमाने चालणारे शहर हवे होते, त्याला आयुक्तांची बदली म्हणजे अवैध बांधकामांची पाठराखण वाटली. ज्याचे घर यादीत होते, त्याला पाडापाडी याच सत्तेच्या काळात झाली हे विसरता येईना. एकाच्या दृष्टीने सत्ता फार सैल, दुसऱ्याच्या दृष्टीने फार निर्दय. उड्डाणपुलाचे कौतुक दोघांनाही होते; पण दोघांच्याही मनातला पहिला प्रश्न उड्डाणपुलाचा नव्हता.

१६.
असा अनुभव जगात एकट्या पिंपरी-चिंचवडला आला असे नाही. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनमध्ये विन्स्टन चर्चिल यांचा पक्ष निवडणूक हरला. युरोपातील युद्ध जिंकून देणाऱ्या पंतप्रधानापेक्षा मोठा हिशेब कोणाकडे असणार? पण बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या देशातील मतदाराला सर्वांत मोठी चिंता घराची होती, आणि क्लेमंट अॅटली यांचा मजूर पक्ष उद्याच्या घराबद्दल, रोजगाराबद्दल बोलत होता. युद्धनेता म्हणून चर्चिल यांच्याबद्दलचा आदर टिकून होता. मत मात्र दुसऱ्या प्रश्नावर दिले गेले.

१७.
तथापि घराचा प्रश्न २०१२ मध्येही होताच. शास्ती चार वर्षे जुनी होती. तरी त्या वर्षी मतदारांनी राष्ट्रवादीला ८३ जागा दिल्या. मग पाच वर्षांत असे काय बदलले? उत्तर महापालिकेच्या पिंपरीतील इमारतीत सापडत नाही. ते मुंबईत, मंत्रालयात सापडते. ऑक्टोबर २०१४ मध्ये राज्यातील सरकार बदलले. त्याच निवडणुकीत शहरातील तिन्ही विधानसभा जागांपैकी एकही राष्ट्रवादीला मिळाली नाही : चिंचवड भाजपकडे, पिंपरी शिवसेनेकडे आणि भोसरी अपक्ष लांडगे यांच्याकडे.

१८.
गुंठ्यावरच्या घराची किल्ली पालिकेकडे नव्हती. बांधकाम नियमित करण्याचे धोरण राज्य सरकार ठरवणार, शास्तीचा कायदा विधिमंडळ बदलणार, प्राधिकरण राज्याच्या अखत्यारीत, आणि देहूरोडच्या दारूगोळा कोठारालगतच्या ‘रेड झोन’चा निर्णय तर दिल्लीत. २०१४ पर्यंत शहरातील आणि राज्यातील सत्ता एकाच हाती होती, त्यामुळे ‘आज ना उद्या होईल’ ही आशा त्याच पक्षाभोवती गुंफलेली राहिली. २०१४ नंतर ती आशा दुसऱ्या दाराशी गेली.

१९.
जकातीची गोष्ट येथे पुन्हा येते. १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांसाठी तोही रद्द झाला आणि पालिकेला राज्याच्या भरपाई अनुदानाकडे पाहावे लागले. ज्या शहराची तिजोरी स्वतःच्या नाक्यांवर भरत होती, तिची वाट आता मंत्रालयातून जाऊ लागली. ‘आमचा कारभारी आम्हाला पुरेसा आहे’ हा आत्मविश्वास ज्या पायावर उभा होता, तो पाया खचू लागला होता.

२०.
त्यातच स्मार्ट सिटी योजनेच्या सुरुवातीच्या निवडीतून पिंपरी-चिंचवड बाहेर राहिले. शहरात त्यावरून बराच गदारोळ झाला. सत्ताधाऱ्यांनी हा अन्याय म्हणून मांडला, आणि तसे मांडण्यास जागा होती. परंतु मतदाराने त्यातून वेगळा धडा घेतला असावा : वर ज्यांची सत्ता, खाली त्यांचीच असलेली बरी. डिसेंबर २०१६ मध्ये पुणे मेट्रोचे भूमिपूजन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. दोन महिन्यांनी मतदान. वरची सत्ता काय देऊ शकते, याची जाहिरात वेगळी करण्याची गरज उरली नव्हती.

२१.
म्हणजे २०१७ मध्ये ‘बदल’ मागणारा पक्ष हा मुंबईत आणि दिल्लीत सत्ताधारीच होता. बदलासाठी पडलेले मत वस्तुतः सत्तेच्या जवळ जाण्यासाठी पडलेले मत होते. त्याच दिवशी मतदान झालेली इतर शहरे याची साक्ष देतात. नागपुरात भाजप आधीपासून सत्तेत होता. तेथे बदलाची लाट आली नाही, उलट १५१ पैकी १०८ जागा त्याच पक्षाला मिळाल्या. नाशिकमध्ये २०१२ ला ४० जागा मिळवणारी मनसे ५ वर आली. राज ठाकरे यांनी तेथील कामांची सादरीकरणे करूनही ती घसरण थांबली नाही.

२२.
मात्र हा नियम सर्वत्र लागू पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. ठाण्यात शिवसेना जुनी सत्ताधारी होती आणि भाजपविरुद्ध स्वतंत्र लढत होती. राज्याच्या सत्तेत ती धाकटी भागीदार, तरी १३१ पैकी ६७ जागा जिंकून तिने ठाणे राखले. तेव्हा सत्ताधाऱ्याचा पराभव अटळ असतो असे मुळीच नाही. मतदार प्रत्येक ठिकाणी निराळा हिशेब मांडतो. त्या हिशेबात काय धरले जाते आणि काय वगळले जाते, हे ओळखणे महत्त्वाचे.

२३.
याच औद्योगिक पट्ट्याने दोन वर्षांनी त्याचा आणखी एक पुरावा दिला. २९ एप्रिल २०१९ रोजी मावळ आणि शिरूर या लोकसभा मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. पिंपरी आणि चिंचवड मावळात येतात. भोसरी आणि चाकणचा परिसर शिरूरमध्ये. दोन्हीकडचे विद्यमान खासदार शिवसेनेचे, दोन्हीकडे आव्हान राष्ट्रवादीचे. मावळात श्रीरंग बारणे यांनी पार्थ पवार यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला. शिरूरमध्ये मात्र शिवाजीराव आढळराव पाटील हे अमोल कोल्हे यांच्याकडून ५८ हजारांवर मतांनी हरले.

२४.
आढळराव २००४ पासून सलग तीनदा निवडून आलेले होते. त्यांच्या बाजूने अनुभव आणि गावोगावचा संपर्क हे बळ होते. पण चाकण-खेडच्या परिसरात नियोजित असलेला विमानतळ पुरंदरकडे गेला होता, पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी, मोशी, चाकण येथे कंटेनरच्या रांगांत कामगारांच्या बस रोज अडकत होत्या आणि बैलगाडा शर्यतींवरील बंदी न्यायालयात लटकलेली होती. यांतील बहुतेक किल्ल्या त्यांच्या एकट्याच्या हाती नव्हत्या. पंधरा वर्षांनंतर मतदार ‘किल्ली कोणाकडे’ असे विचारत नाही. ‘दार का उघडले नाही’ असे विचारतो.

२५.
आता पिंपरी-चिंचवडमध्ये बदलाने काय दिले, तेही त्याच काटेकोरपणे पाहावे. जून २०१७ मध्ये शहर स्मार्ट सिटीच्या यादीत आले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि चाकणही त्याच्या हद्दीत आले. या जमेच्या बाजू. दुसरीकडे, सत्तांतराच्या वर्षातच रिंगरोडच्या आखणीत येणाऱ्या घरांवर टांगती तलवार आली आणि घरे वाचवण्यासाठी रहिवाशांना रस्त्यावर उतरावे लागले. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी सुरू झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये स्थायी समितीच्या अध्यक्षांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली. भ्रष्टाचारमुक्तीच्या आश्वासनावर आलेल्या सत्तेला हे जड गेले.

२६.
पाण्याच्या प्रश्नात जुन्या सत्तेचाही वाटा होता. पवना धरणातून बंद जलवाहिनी आणण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती महामार्गावर बऊरजवळ आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला; तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. योजना थांबली. त्या दिवसाचे ओझे जुन्या सत्ताधाऱ्यांनी मतांतून वाहिले आणि पाण्याची टंचाई नव्या सत्ताधाऱ्यांच्या वाट्याला आली. शहराचा हिशेब असा एका सत्तेच्या वहीतून दुसरीच्या वहीत उतरत जातो. निवडणूक लागली म्हणून तो शून्यावर येत नाही.

२७.
आणि शास्ती? लहान घरांना टप्प्याटप्प्याने सवलती मिळाल्या, पण संपूर्ण माफीचा शासन निर्णय मार्च २०२३ मध्ये निघाला. तोवर महापालिकेची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपून प्रशासक आलेले होते. मधल्या काळात, २०१९ ते २०२२, शहरात भाजप आणि राज्यात महाविकास आघाडी अशी उलटी विषमता निर्माण झाली होती. २०१७ चा ‘वर आणि खाली एकच’ हा हिशेब अर्ध्या वाटेवर कोसळला होता. जून २०२२ मध्ये राज्यात सत्तांतर झाले, त्यानंतर माफी आली. आणि तीही कराची माफी होती. बांधकाम त्यामुळे नियमित झाले नाही.

२८.
यावरून २०१७ चा जुना युक्तिवाद निखालस चुकीचा होता असे म्हणता येत नाही. ‘माणसे तीच, मग फरक काय पडेल’ या शंकेला पुढील पाच वर्षांनी बऱ्यापैकी दुजोरा दिला. सत्ताधाऱ्याच्या बाजूने बोलणे म्हणजे लांगूलचालन, असा एक समज आहे. तो रास्त नाही. अपुऱ्या राहिलेल्या कामांचे सातत्य, यंत्रणेची ओळख, ज्याचे गुणदोष माहीत आहेत अशा माणसाला जाब विचारण्याची सोय, ही सत्तेत असलेल्याला पुन्हा निवडण्याची खरी कारणे आहेत. नव्या माणसाकडून आधी वचन घ्यावे लागते. जुन्याकडे थेट वही मागता येते.

२९.
मग चूक कोठे झाली? वही अर्धीच उघडली गेली. तिच्यात पूल होते, रस्ते होते, नाट्यगृहे होती. शास्तीचे बिल नव्हते, पाडलेली भिंत नव्हती, बऊर नव्हते. सत्ताधाऱ्याने केलेल्या कामाची यादी वाचली की ती ऐकणाऱ्याला कृतज्ञतेची मागणी वाटते, आणि मतदार कृतज्ञतेपोटी फार काळ मत देत नाही. त्याऐवजी ‘हे झाले, हे राहिले, हे आमच्या हातून बिघडले, याची किल्ली मुंबईत आहे आणि ती मिळवण्यासाठी आम्ही हे करू’ असे कोणी म्हटले असते, तर निकाल बदललाच असता असे नाही. पण मतदारासमोर दोन खरे हिशेब आले असते. आव्हान देणाऱ्यालाही केवळ ‘परिवर्तन’ म्हणून निभावता आले नसते. शास्ती कोणत्या कलमाने, किती दिवसांत आणि कोणाच्या पैशाने जाणार, हे सांगावे लागले असते.

३०.
थेरगाव-काळेवाडीच्या गल्ल्यांत आज दुसरी पिढी राहते. पहिल्या पिढीने टेल्कोच्या, बजाजच्या किंवा भोसरीच्या लहान वर्कशॉपच्या पगारातून भिंती उभ्या केल्या. दुसरी चाकणला बसने जाते. घरपट्टीच्या बिलातून शास्तीची ओळ गेली आहे. सातबाऱ्यावरचे नाव अजून सामाईकच आहे, आणि बांधकाम परवानगीचा कागद अजून नाही. पुढच्या प्रत्येक निवडणुकीत या दारांवर दोघेही येतील : एकाच्या हातात झालेल्या कामांची पत्रिका असेल, दुसऱ्याच्या हातात होणाऱ्या कामांची. दोघांनाही विचारायचा प्रश्न एकच आहे, आणि तो या घराच्या कागदाचा आहे.